एका मापाच्या दोऱ्या

रिकामा पाळणा हलवू नये, हे मला कुणी कधी बसवून शिकवलं असेल असं वाटत नाही. दिवेलागणीला केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये, तसंच तेही अंगात मुरलेलं. रिकामा पाळणा हलवला की ज्याचा तो पाळणा त्या बाळाला बाधतं. कसं बाधतं ते विचारायचं नसतं. म्हणून त्या दुपारी रिकामा पाळणा झुलताना पाहून मी घाबरले. कारण रिकामा पाळणा मी हलवत नव्हते. मी त्याच्या शेजारचा हलवत होते.

माझी लेक अनुजा बाळंतपणाला माहेरी आली होती, तारकर्लीच्या रस्त्याला आमच्या घरी. दिवस भरायच्या कितीतरी आधी तिला ओरोसला इस्पितळात न्यावं लागलं आणि जुळं झालं. मुलगी बारीक, पण आवाजानं खणखणीत. मुलगा मात्र एवढासा, त्याला काचेच्या पेटीत ठेवला. अनुजा त्याच्यासाठी तिथेच बाळंतिणींच्या खोलीत राहिली. मुलगी बरी आहे, तिला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिला घेऊन आले. जावई जितेंद्र रोज मोटारसायकलवरून बर्फाच्या डब्यात अनुजाचं दूध आणायचे, आणि कमी पडलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर होती. बारसं झालं नव्हतं. एकीचं करून दुसऱ्याचं ठेवायचं कसं? त्यामुळे दोघांनाही नावं नव्हती. ती आमचं चेडू आणि तो झिलगो, एवढंच.

बारशाआधी पाळण्यात घालत नाहीत. पण चेडू खाली निजेचना. मग देवापुढे नारळ ठेवला, क्षमा मागितली आणि ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, पाळणा टांगायला सांगितलं. अनुजाचा पाळणा माळ्यावर होताच. दुसरा ह्यांनी तसाच्या तसा सुताराकडून करवून घेतला होता. मी म्हटलं, सध्या एकच टांगूया.

"एकच कित्याक?" हे म्हणाले. "दुसरो येवचो नाय, असा सांगतंस काय देवाक?"

माजघरातल्या एका आडव्या वाशाला ह्यांनी दोन्ही पाळणे शेजारी शेजारी टांगले. दोऱ्यांचं माप आधी वितीनं घेतलं, मग अनुजाच्या शाळेतल्या फूटपट्टीनं. तसूभर फरक नको. "उद्या मोठी झाली की भांडतली," म्हणाले, "तेचो पाळणो उंच आणि माझो खाली." हे बोलताना हसले, पण डोळे पुसायला म्हणून मागीलदारी गेले.

आणि मग ती दुपार. मी चेडवाच्या पाळण्याची दोरी ओढत बसले होते. तोंडानं नामस्मरण चाललं होतं, त्याच तालावर हात. बघते तर शेजारचा पाळणा किंचित हलतोय. वाऱ्यानं असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली. तो हलतच राहिला, उलट हळूहळू जोर धरू लागला, आणि थोड्या वेळानं दोन्ही पाळणे एका लयीत झुलायला लागले, जणू दोन्ही दोऱ्या माझ्याच हातात आहेत. मी दोरी सोडून दिली. चेडू निजली होती. तिचा पाळणा मंद होत होत जवळजवळ थांबला. आणि रिकामा? तो त्या वेळी सगळ्यात जोरात झुलत होता. मी बघत राहिले. मग तो मंदावला आणि चेडवाचा पुन्हा हलू लागला, कुणी हात न लावता.

मी उठून दोन्ही पाळणे धरून उभी राहिले. ह्यांनी मला तसं पाहिलं तेव्हा मी दोन हात फाकून, रडत, देवाचं नाव घेत होते.

"वासो बारीक आसा गो, लवता," हे म्हणाले. पण त्यांचाही आवाज काही ठाम नव्हता.

मग आमची पंचाईत सुरू झाली. पाळणा तसाच ठेवावा तर तो रिकामा झुलतो. उतरवावा तर मुलाची आशा सोडली असं होतं, आणि ते तर तोंडातूनही काढवत नव्हतं. चेडवाला झोके न द्यावे तर ती रडून रडून निळी पडते. एका हातानं हिला झोका द्यायचा आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवायचा, असं मी करून पाहिलं. धरलेल्या पाळण्यातून माझ्या हाताला हिसके बसत. आत कुणी नसताना हिसके.

शेवटी हे गावच्या देवळात कौल लावायला गेले. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. हे परत आले ते चपला न काढताच पडवीत बसले.

"काय झाला?" मी विचारलं.

"दोनय एकदम पडले."

"असा कसा?"

"माका काय विचारतंस? गुरव माकाच विचारता, तुमी नेमका काय विचारल्यात. मी म्हटलंय, पाळणो ठेवचो की काढचो. तर म्हणता, मगे देवी सांगता, ठेवा आणि काढा."

"परत लावचो होतो मां कौल."

"म्हटलंय मी. तर म्हणता आज नको, पंखो चालू रवलो होतो."

आता ह्याच्यावर हसावं की रडावं? देवीला मी हात जोडले. तिला दोष कसा द्यायचा? प्रश्नच आम्ही धड विचारला नसेल.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन जितेंद्र आले. चहा पिता पिता त्यांनी पाळण्यांचा तो खेळ पाहिला आणि ते अजिबात घाबरले नाहीत. मला त्याचाही जरा रागच आला.

"आई, ह्यां दोरयेंचा काम आसा," ते म्हणाले. "वासो एकच आणि दोरये एका मापाचे. तुमी एक पाळणो हलवलात की वासो हलता, आणि वासो दुसऱ्याक हलयता. माप सारख्या म्हणान दुसरो बरोबर तालात येता. एक दोरी जरा आखूड करा, ताल मोडतलो."

"माझ्या नातवाची दोरी आखूड?" हे ताडकन म्हणाले.

"मगे चेडवाची करा, बाबा. खंयचीय चलात. फरक पडलो म्हणजे झाला."

"पण हिचा थांबल्यावर तो कसो हलता?" मी विचारलं. "तेव्हा मी दोरी ओढीत नव्हतंय."

"हिच्यातलो जोर तेच्यात जाता. मगे तेच्यातलो परत हिच्यात येता. असा घेणा-देणा चलता."

त्यांच्या बोलण्यात मला चूक काढता येईना. माणूस शिकलेला, आणि समजावलंही नीट. पण हिच्यातला जोर त्याच्यात जातो, हे ऐकल्यापासून मी जास्तच गोंधळले. मग ते वाईट की चांगलं? बहीण भावाला देते आहे, की तो तिचं ओढून घेतो आहे? मी चेडवाचं अंग चाचपून पाहिलं. तिला ताप नव्हता. ती जांभई देत होती.

"झिलगो कसो आसा?" मी त्यांना जाताना विचारलं.

"बरो आसा," म्हणाले, आणि हेल्मेट घालायची घाई केली.

दोन दिवसांनी विहीणबाई आल्या, जितेंद्रच्या आई, हौसाबाई, पिंगुळीहून. डिंकाचे लाडू, अळीव, चेडवाला झबली, सगळं घेऊन. मनानं बाई चांगली, पण जिभेला लगाम नाही. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येते तर त्या माजघराच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"अगो बाय माझे! ह्यो कोण हलयता?"

"आपोआप हलता, विहीणबाई. मी चेडवाचो..."

"आपोआप! म्हणजे त्याच्याहून बरा! माझो नातू थंय नळयेनी बांधलेलो, आणि हंय तेचो रिकामो पाळणो झुलयतास? रोज सकाळचा मौन, सोमवार, गुरुवार, सगळा करतास गो शर्मिला, आणि डोळ्यासमोरचा ह्यां दिसना नाय तुका?"

मी तांब्या खाली ठेवला. मला सकाळी पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत न बोलण्याचा नेम आहे, लग्न झाल्यापासूनचा. पण त्या वेळी नैवेद्य केव्हाच झाला होता, म्हणजे नेमाची सबबही नव्हती. त्या म्हणत होत्या ते मीच रोज स्वतःला म्हणत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं वाटायला लागतं.

जेवणं झाली. विहीणबाई पडवीत लवंडल्या, हे काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या तिकडे गेले. मी स्टूल ठेवून वर चढले आणि झिलग्याच्या पाळण्याच्या दोऱ्यांना वरच्या अंगाला एकेक गाठ मारली. पाळणा वीतभर वर गेला. मग खाली येऊन चेडवाचा झुलवून पाहिला. रिकामा पाळणा थरथरला, जरा हलल्यासारखं करून अडखळला, परत हलायला गेला, परत अडखळला. त्याला ताल सापडेना. शेवटी तो गप्प झाला.

विहीणबाई उठल्यावर त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "बघ," म्हणाल्या, "देवान ऐकला."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण त्या दुपारी चेडू काही केल्या निजली नाही. उकाडा रोजचाच होता, दूधही नेहमीचंच होतं. मी झोका द्यायची, ती डोळे उघडे ठेवून शेजारच्या पाळण्याकडे बघायची. म्हणजे बघत होती असं मला वाटलं. एवढ्या लहान बाळाला तिथपर्यंत दिसत नाही, हेही मला माहीत आहे. संध्याकाळी ह्यांच्या लक्षात आलं. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. देवाला गंध लावत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. एवढ्या सकाळी जितेंद्र फोन करत नाहीत. हे विहिरीवर, विहीणबाई आंघोळीला. मी फोन उचलला आणि कानाला लावून गप्प राहिले. त्यांना माझा नेम माहीत होता.

"आई? ऐकतास मां? घाबरू नकात. काल दुपारी बाळान श्वास घेवचो थांबयल्यान..."

आणि फोन खरखरायला लागला. आमच्या माजघरात आवाज असाच येतो-जातो. मी उठून पडवीत आले, तिथून अंगणात. त्यांचं बोलणं तुकड्या-तुकड्यांत येत होतं, सिस्टर म्हणतत, अनुजाक, लगेच. माझ्या एका हातावर अजून ओलं गंध होतं.

"आसा मां तो?" मी ओरडले. किती वर्षांत मी एवढ्या मोठ्यानं बोलले नसेन. "जितेंद्र, तो आसा मां?"

"आसा, आसा! आई, आसा तो. आता बरो आसा. पण अनुजाक ताप भरलो हा, तिका आत सोडनत नाय. सिस्टर म्हणतत, घरातला बाईमाणूस पाठवा, बाळाक छातीर घेवक. मी येतंय न्हेवक."

मी वळले तर विहीणबाई ओल्या केसांनी दारात. नेम मोडल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

काल दुपारी. माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. काल दुपारी मी गाठ मारली. त्यांच्यातलं घेणं-देणं मी तोडलं. ती इथून त्याला झुलवत होती, आणि मी अपशकुन म्हणून स्टुलावर चढून ते बांधून टाकलं. की तसं नाही? गाठ आधी की श्वास आधी, हे मला कोण सांगणार? मी स्टूल ओढलं, वर चढले. गाठ माझ्याच हातची, पण सुटेना, बोटं गंधानं बुळबुळीत. तेवढ्यात दोरी एकदम सैल पडली. खाली बघते तर ह्यांनी येऊन पाळणा दोन्ही हातांनी वर उचलून धरला होता.

"सोड आता," हे म्हणाले. "सावकाश."

पाळणा परत खाली आला, पूर्वीच्या जागी. तासाभरानं जितेंद्र मला न्यायला आले.

"तुमी जावा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी चेडवाला कधीच खांद्यावर घेतलं होतं. "हिका मी बघतंय." मी उंबऱ्याबाहेर पडले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच बारीक. "गो शर्मिला, मगे आता झुलवू की नको?"

मी वळून पाहिलं. जितेंद्रनी गाडी सुरू केली.

ओरोसला दीपिका सिस्टरनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पुढून उघडा असा एक हिरवा अंगरखा दिला. गळ्यातलं काढा म्हणाल्या, मी नुसती बघत राहिले, तेव्हा त्यांनीच मंगळसूत्र फिरवून माझ्या पाठीवर टाकलं.

"काल दुपारी काय झालं?" मी विचारलं. "नेमकं कधी?"

"काल दुपारी झालं, परवा सकाळी झालं. पहिल्या दिवसापासून होतंय, आजी. दिवस भरायच्या आधी आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात. तळव्याला टिचकी मारली की त्यांना आठवतं."

"विसरतात?"

"हो. घरी कुणी बोललं नाही का?"

दाराबाहेर उभे असलेले जितेंद्र जमिनीकडे बघत होते.

म्हणजे गाठ मारायच्या आधीही तो थांबत होता. पाळणा झुलत होता तेव्हाही, गप्प होता तेव्हाही. मग मी कशाला भ्यायचं होतं आणि कशाला नाही? मी सगळं परत पहिल्यापासून लावून बघायला गेले. लागेना. तोवर सिस्टरनी मला मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि त्याला आणून माझ्या उघड्या छातीवर पालथा ठेवला. वरून फडक्यानं आम्हा दोघांना एकत्र गुंडाळलं.

वजनच नाही. फक्त ऊब, आणि नाकातली नळी माझ्या कातडीला लागत होती. त्याचा श्वास भराभर चालला होता, माझ्या एका श्वासात त्याचे कितीतरी. मी मान न हलवता डोळे खाली करून त्याच्या टाळूकडे बघत होते.

आणि तो थांबला.

यंत्र वाजायला लागलं. मला ते आधीच कळलं होतं, छातीवरचं ते भराभर चाललेलं एकदम नाहीसं झालं म्हणून. मी वाट बघत राहिले. आता घेईल, आता घेईल.

"आजी!" सिस्टर धावत आल्या. "तुम्ही का थांबलात? तुम्ही थांबू नका. तुम्ही घ्या."

मी श्वास रोखला होता, हे मला तेव्हा कळलं. मी घेतला, घशातून आवाज आला एवढा मोठा. माझी छाती वर आली, तिच्याबरोबर तो वर उचलला गेला, त्याच्या पाठीला झटका बसला आणि त्यानं घेतला. सिस्टरचं बोट त्याच्या तळव्याजवळ पोचलं होतं की नव्हतं, ते मी पाहिलं नाही. यंत्र गप्प झालं.

"असंच," त्या म्हणाल्या. "सावकाश. तुमचा तुम्ही चालू ठेवा, तो येईल मागून."

मी चालू ठेवला. तो त्याच्या घाईनं, मी माझ्या संथपणानं, पण कुठेतरी दोघांचं जुळत होतं. मी वर आले की त्याचा एक श्वास मोठा व्हायचा. का मी त्याचा मोठा होण्याची वाट बघून वर येत होते? एकदा मी मुद्दाम उशीर करून पाहणार होते, कोण कोणाच्या मागे ते कळावं म्हणून. पण धीर झाला नाही.

काचेच्या दारापलीकडे अनुजा येऊन उभी राहिली. अंगावर शाल, तोंडाला फडकं, ताप डोळ्यांत दिसत होता. तिनं हात हलवून विचारलं, काय, बरो आसा?

माझे दोन्ही हात त्याच्या पाठीवर होते. मान हलवावी तर होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठरवता येईना. तो मधेच जरा रेंगाळला, तशी मी घाईनं पुढचा श्वास घेतला. अनुजानं फडकं खाली ओढलं, काचेला कपाळ टेकलं आणि माझ्याकडे नाही, माझ्या छातीकडे बघत राहिली.